फक्त चाळीस तास चालवलेली

मुंबई आणि अलिबागच्या मधल्या पाण्यात वापरलेल्या यॉटचा जो सर्वांत जुना व्यवहार माझ्या वाचनात आहे, तो १७१३ सालचा. आदल्या वर्षी कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईचा इंग्रज गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची ‘अल्जेराइन’ ही सशस्त्र यॉट धरली. तिच्यावर एक इंग्रज बाईही होत्या. बोलणी झाली, आणि फेब्रुवारीत ३० हजार रुपये मोजून घेऊन कान्होजींनी बाई आणि बोट दोन्ही परत केल्या. म्हणजे गव्हर्नरसाहेबांनी स्वतःचीच बोट सेकंडहँड विकत घेतली. मधल्या तीन महिन्यांत ती कुणी हाकली, कुठे आपटली, शिडांची काय अवस्था केली, याची चौकशी त्यांनी केली असेल असं वाटत नाही. विक्रेता कान्होजी आंग्रे असल्यावर ‘जरा एक चक्कर मारून बघू का?’ असं विचारायची प्राज्ञा कुणाची!

आज त्याच पाण्यात विक्रेते बरेच मवाळ झाले आहेत आणि गव्हर्नरच्या जागी आमचे साडू आहेत.

साडूंच्या दादरच्या इमारतीचा पुनर्विकास झाला. जागा वाढली, वर काही रक्कमही हाती आली. अलिबागजवळ एक टुमदार घर त्यांनी आधीच बांधून ठेवलेलं होतं. तिथे रस्त्याने जायचं तर शंभरेक किलोमीटर, आणि त्यातलं वडखळ ओलांडेपर्यंत माणसाच्या वयात फरक पडतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडवा समुद्रातून १९ किलोमीटर. २०२० पासून तिथे रो-रो बोट आहे, ती गाडीसकट तासाभरात पलीकडे नेऊन सोडते. शहाण्या माणसाने इथेच थांबायला हवं. पण एका शनिवारी साडू रो-रोच्या कठड्याला टेकून उभे असताना शेजारून एक पांढरीशुभ्र स्पीडबोट सुळ्ळकन पुढे निघून गेली. ती चालवणारा माणूस साडूंच्याच वयाचा होता आणि पोटही साडूंएवढंच होतं. तो सिनेनट असता तर काही बिघडलं नसतं. आपल्यासारखाच माणूस दिसला की पंचाईत होते. बोट घ्यायची हे मांडव्याला उतरायच्या आत ठरलं. राहिला प्रश्न एवढाच, नवी की जुनी?

आपल्या घरांतून हा प्रश्न एरवी पडत नाही, कारण बहुतेक वस्तूंच्या बाबतीत निकाल आधीच लागलेला असतो. तांदूळ जुना, लोणचं मुरलेलं, गादी नवी, घर शक्यतो बिल्डरकडूनच. बोटीबद्दल मात्र पूर्वजांनी काही सांगून ठेवलेलं नाही. निदान आमच्या तरी. कोळ्यांच्या, भंडाऱ्यांच्या पूर्वजांनी पुष्कळ सांगून ठेवलं असणार, पण त्यांना विचारायला आमच्यातलं कुणी कधी गेलं नाही. त्यामुळे प्रत्येकाने जवळचं जे शहाणपण होतं तेच बोटीला लावून पाहिलं. ताईंनी, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवतींनी, आधीच्या मालकावर कर्ज आहे का ते बघा म्हणून बजावलं. पुतण्याने मायलेज विचारलं. माझी बायको म्हणाली, “भाऊजी, जुनी घ्या, पण कुणाची होती ते बघून घ्या.” सासूबाईंनी जपमाळ थांबवून विचारलं, “ठेवणार कुठे?” यावर सगळे मनमुराद हसले. एवढा समुद्र पडलाय, आणि म्हणे ठेवणार कुठे!

बोटी पाहायला साडू मला बरोबर नेत, कारण माझं बालपण श्रीवर्धनला गेलं. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला बोटीतलं सगळं कळतं असा दादरकरांचा समज असतो. मी पोहायला विहिरीत शिकलो ही गोष्ट मी आजवर त्यांच्यापासून लपवून ठेवली आहे.

सुरुवात अर्थातच नव्या बोटीपासून झाली. विक्री करणारा मुलगा फार अदबशीर होता. किंमत सांगायच्या आधी त्याने आम्हाला खुर्चीत बसवलं आणि गार पाणी दिलं. हा क्रम त्याने अनुभवाने ठरवला असावा. किमतीवर जीएसटी वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून यॉट आणि मौजेच्या बोटींवर तो ४० टक्के झाला आहे. त्याच रांगेत रिव्हॉल्व्हर, पिस्तुलं आणि साखर घातलेली शीतपेयं आहेत. साडू पुटपुटले, “म्हणजे कोल्ड्रिंक पीत पीत बोटीतून पिस्तूल झाडलं की सरकारचं कल्याण.” मग त्या मुलाने बोटीसोबत काय काय येत नाही त्याची यादी वाचली. नांगर वेगळा. नांगराचा दोर वेगळा. धक्क्यावर आपटू नये म्हणून बाजूला टांगायचे फेंडर वेगळे. लाइफ जॅकेट, व्हीएचएफ रेडिओ, ताडपत्री, ट्रेलर, सगळं वेगळं. साडूंनी जरा दबकत विचारलं, “इंजिन?” 

“ते चॉइसवर असतं सर.” 

सोबत मिळणाऱ्या गोष्टींत डोळ्यांत भरल्या त्या पेले ठेवायच्या खाचा. त्या चौदा होत्या. बसायची सोय आठ जणांची. उरलेल्या सहांचा विचार करणारा तो कारखानदार मला आवडला.

नव्या बोटीच्या बाजूने बोलायचं तर वॉरंटी असते, कागद स्वच्छ असतात, आणि आतून त्या रेझिनचा वास येतो जो घेऊन माणूस सही करायला तयार होतो. नारळ फोडता येतो. पण नवेपणाचाही एक जाच आहे. इंजिनाची पहिली सर्व्हिसिंग २० तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा वर्षाने, यातलं जे आधी येईल ते. आपल्याकडे नेहमी वर्षच आधी येतं. शिवाय पहिला ओरखडा. मांडव्याच्या धक्क्याला बोट लावताना शेजारून कॅटमरान गेली की जी लाट येते, ती बोटीची किंमत विचारत नाही. जुन्या बोटीला धक्का घासला तर मालक ‘अरेरे’ म्हणतो. नव्या बोटीचा मालक धक्का आणि बोट यांच्या मध्ये स्वतःचा पाय घालतो. असे पाय मी पाहिले आहेत. फेंडर स्वस्त पडले असते.

नव्या बोटीचा आकडा ऐकून आठवडाभर साडू शांत होते. मग त्यांच्या बोलण्यात एकदम ‘घसारा’ हा शब्द येऊ लागला. माणसाला परवडेनासं झालं की तो अर्थशास्त्राकडे वळतो. नवी बोट पाण्यात उतरली की तिची किंमतही उतरते, मग तो उतार दुसऱ्या कुणाच्या खिशातून जाऊ द्यावा आणि आपण खाली झेलायला उभं राहावं, असा त्यांचा सिद्धान्त. सिद्धान्तात चूक काहीच नव्हती. वर, एखाद्या गृहस्थाकडून परस्पर जुनी बोट घेतली तर तो ४० टक्क्यांचा जीएसटीही लागत नाही. अशा रीतीने आम्ही जुन्या बोटींच्या वाटेला लागलो.

जुन्या बोटींच्या जाहिराती हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. फोटो नेहमी ती नवी होती त्या दिवसाचे असतात. विकण्याचं कारण ‘मुलगा परदेशी स्थायिक’. मुलगा असा कितीसा बोट चालवत होता, हे विचारू नये. आणि शेवटी ते हमखास वाक्य: ‘फक्त चाळीस तास चालवलेली.’ पूर्वी जुन्या फियाटच्या जाहिरातीत ‘डॉक्टरांनी वापरलेली’ असं लिहीत, त्याच्या जागी हे आलं आहे. साडू ते वाचून हरखून जात. आठ वर्षांची बोट, आणि फक्त चाळीस तास! न वापरल्यासारखीच!

नेमकी तिथेच मेख आहे. बोटीचं इंजिन चालून जेवढं झिजत नाही तेवढं बसून कुजतं. आउटबोर्ड इंजिन समुद्राचंच पाणी आत ओढून स्वतःला थंड करतं. परत आल्यावर गोड्या पाण्याने ते धुतलं नाही तर आतल्या बारीक वाटांमध्ये मीठ धरतं आणि वाट बंद होते. पाणी ओढणारं रबराचं छोटं चक्र एकाच जागी महिनोन्‌महिने दबून राहिलं की त्याच्या पाकळ्या वाकतात त्या वाकतातच. आता पेट्रोलचीही भर पडली आहे. त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याची फार ओढ. दमट हवेतलं पाणी ते शोषून घेतं आणि पोटभर शोषलं की पेट्रोलपासून फारकत घेऊन टाकीच्या तळाला जाऊन बसतं. इंजिनाची नळी इंधन तळातूनच ओढते. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या आपल्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात. तेव्हा पावसाळाभर टाकी भरून उभ्या राहिलेल्या बोटीत नेमकं काय द्रव आहे, हे मेकॅनिकलाही वास घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

तरीही एक बोट साडूंच्या मनात भरली. निळी, देखणी, मांडव्याजवळ एका आवारात ताडपत्रीखाली उभी. मालकाने ताडपत्री ओढली तशी खालून एक मांजर तीन पिल्लांसह बाहेर पडली. “उंदीर नाहीत, याची ही खात्री,” मालक म्हणाला. विकायला बसलेल्या माणसाला प्रसंगावधान लागतं.

मी आग्रह धरला म्हणून सर्व्हेअर आला. बोट घेणाऱ्याने घ्यायचा एकमेव खरा शहाणपणाचा निर्णय म्हणजे सर्व्हेअरची फी, आणि नेमकी तीच वाचवायची इच्छा सगळ्यांना होते. हा गृहस्थ फारच कमी बोलणारा होता. त्याने पिशवीतून प्लास्टिकच्या डोक्याची एक छोटी हातोडी काढली आणि कलिंगडवाला कलिंगड वाजवून बघतो तशी बोट वाजवायला सुरुवात केली. वीतभर सरकायचं, दोनदा वाजवायचं, ऐकायचं. खणखणीत आवाज आला तर फायबरचे थर एकमेकांना धरून आहेत. बद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा आत पाणी शिरलंय. पुढच्या टोकापासून सुरू केलेलं ते वाजवणं ऐकत आम्ही मागे मागे चाललो होतो. साडूंच्या चेहऱ्यावर आवाज उमटत होता: खण, खण, खण, आणि मग एकदम बद्द.

ही बद्द जागा ट्रान्समची निघाली. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन दोनशे किलोंच्या वर भरतं. पुष्कळशा बोटींत या भिंतीच्या पोटात प्लायवुड असतं आणि बाहेरून फायबर. कुणीतरी कधीतरी मासे शोधायच्या यंत्राची पट्टी बसवायला एक स्क्रू मारतो, त्या भोकातून पाणी झिरपतं, आणि बाहेरची भिंत चकचकीत असताना आतलं प्लायवुड भिजल्या बिस्किटागत होऊन जातं. सर्व्हेअरने ओलावा मोजायचं यंत्र लावलं, आकडा वहीत टिपला आणि आम्हाला दाखवला नाही. मग तो बोटीच्या तळाशी आडवा झाला. तिथे रंगाखाली बारीक फोड आलेले होते. एक फोड त्याने टोच्याने फोडला. चिकट पाण्याचा थेंब बाहेर आला. “वास घ्या,” तो म्हणाला. त्या दिवसातलं हे त्याचं सर्वांत लांब वाक्य. साडूंनी खाली वाकून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“लोणच्यासारखा येतोय!”

आंबट वास म्हणजे पाणी फायबरच्या आत मुरून रसायनं सुटायला लागली आहेत. मुरणं ही गोष्ट लोणच्याला भूषणावह असली तरी बोटीला नाही, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत सर्व्हेअरने इंजिनाच्या खालच्या खोक्याचा स्क्रू सैल केला होता. त्यातून मधाच्या रंगाचं तेल यायला हवं, ते आलं दुधाळ. दुधाळ तेल म्हणजे सील गेलं आणि पाणी आत. मांजर तोवर पिल्लांना घेऊन परत आली होती आणि आमची जायची वाट बघत होती.

एवढं झाल्यावर कुणीही नाद सोडला असता. पण पुरुषमाणूस एकदा बोटीच्या प्रेमात पडला की त्याला दोष सांगणारा माणूस शत्रू वाटू लागतो. साडूंनी रात्री मला फोन करून एक ऐतिहासिक मुद्दा मांडला. एचएमएस ट्रिंकमली ही युद्धनौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली, १८१७ साली, मलबारच्या सागवानात. आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. “दोनशे वर्षं! मुंबईचीच बोट! आणि तुम्ही आठ वर्षांच्या बोटीला नावं ठेवता?” मुद्दा बिनतोड होता. मी फक्त एवढंच म्हटलं, की ट्रिंकमलीची डागडुजी हार्टलपूलला १९९० साली सुरू झाली ती २००१ साली संपली. पलीकडे जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, “पण झाली ना?”

एव्हाना सासूबाईंच्या प्रश्नाने मान वर काढली होती. ठेवणार कुठे? मुंबईत मौजेच्या बोटी गेटवेसमोर पाण्यात बोयांना बांधून ठेवलेल्या दिसतात. चित्र सुरेख असतं; पण किनाऱ्यावरून त्या आपल्या बोटीपर्यंत जायला दुसरी बोट लागते. (ही दुसरी नवी घ्यावी की जुनी, हा वाद साडूंनी जागच्या जागी मिटवला: भाड्याची.) बोटीवर लक्ष ठेवायला माणूस लागतो. त्या माणसावर लक्ष ठेवायला साडू दर रविवारी जाणार. तळाला शेवाळ आणि शंख-शिंपल्यांची वस्ती होऊ नये म्हणून खास रंग द्यावा लागतो, तो दरवर्षी. पाण्यात बुडालेल्या धातूंना गंज लागू नये म्हणून जस्ताचे तुकडे बसवतात. समुद्र इंजिनाऐवजी ते खातो, आणि खाऊन संपले की नवे बसवायचे. इतक्या समंजसपणे खर्च वाढवणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही. पावसाळा आला की क्रेनने बोट वर काढायची, ताडपत्रीखाली उभी करायची, आणि त्या उभं राहण्याचंही भाडं. मिळून काय, तर बोटीची किंमत ही प्रवेश फी. पुतण्याच्या मायलेजचं उत्तरही याच सुमारास मिळालं. दीडशे हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड पूर्ण पळवलं तर तासाला ५० लिटरच्या वर पेट्रोल पितं. तासाला पाच हजार रुपये, वारा मोफत.

यातला एकही खर्च बोट नवी आहे की जुनी हे विचारत नाही. मला वाटतं, नवी की जुनी हा प्रश्न माणूस स्वतःला इतक्या आवडीने विचारतो तो यासाठीच. त्यात गुंतलं की ‘वर्षातून किती वेळा बसणार?’ हा प्रश्न समोर येत नाही. मी तो साडूंपुढे कागदावर मांडला. हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातून दिवाळी वगळा, लग्नसराई वगळा, मुलीच्या परीक्षा वगळा, ताईंना उलट्या होतात ते दिवस वगळा, म्हणजे ताई बरोबर असतील ते सगळे. वारा सुटला ते शनिवार गेले. उरतात ते धरून चालू आणि हात सैल सोडून मोजू, तरी वर्षाला दहा तासांच्या वर काही जात नाही. म्हणजे चार वर्षांनी साडू बोट विकायला काढतील तेव्हा जाहिरातीत काय लिहितील, तो आकडा मी कागदावर गोल करून दाखवला. साडूंनी कागदाची घडी घातली आणि विषय बदलला.

थळच्या एका तांडेलांना मी हे सगळं सांगितलं. त्यांची स्वतःची बोट साडूंच्या निळ्या बोटीपेक्षा दुप्पट वयाची आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी, तेवढेच दोन महिने ती किनाऱ्यावर. त्यातही डागडुजी, रंग, जाळी विणणं चालूच. नारळी पौर्णिमेला नारळ दिला की पुन्हा दर्यात. ते काही वेळ जाळ्याची गाठ ओढत राहिले. मग म्हणाले, “बोट नवी काय नि जुनी काय, पाणी खारंच हाय. चालवली त टिकंल.” मी विचारलं, आमच्या साडूंना काय सांगू? “त्यांना सांगा, रो-रोला चहा बरा मिलतो.”

हा निरोप मी पोचवला. तोवर साडूंनी तोडगा काढला होता, आणि तो ऐकून मला त्यांच्याविषयी नव्याने आदर वाटला. बोट जुनी, इंजिन नवं. ट्रान्सम फोडून नव्याने बांधायची, तळ घासून सुकवून परत लेप द्यायचे, आणि मागे नवंकोरं इंजिन टांगायचं. मालकाने सर्व्हेअरचा अहवाल पाहून किंमत उतरवली, म्हणजे ती फीदेखील वसूल. अनुभवी लोकही असंच करतात म्हणे. तोडग्यात खोट एवढीच, की नव्या इंजिनाची पहिल्या वीस तासांची काळजी आणि जुन्या बोटीची रोजची धास्ती अशा दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदू लागल्या. साडू सुखी होते. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

नोंदणी झाली, विमा झाला. नारळ फुटला. ताई पहिल्यांदाच बोट बघायला धक्क्यावर आल्या, पदर खोचून, ओवाळणीचं ताट घेऊन. निळ्या बोटीच्या कुशीवर हातभर उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत एका बाईचं नाव होतं. आधीच्या मालकाच्या पत्नीचं. गेले चार महिने आम्ही हातोडीने वाजवून, वास घेऊन, तेल तपासून त्या बोटीचा कण अन् कण पाहिला होता. हे नाव इतकं मोठं होतं की ते कुणाला दिसलंच नव्हतं.

“ही कोण?” ताईंनी विचारलं.

बोटीचं नाव बदलणं अपशकुनी असतं अशी जगभरच्या खलाशांची समजूत आहे, असं साडू सांगू लागले. कागदोपत्री नाव बदलायला अर्ज करावा लागतो, हेही सांगितलं. ताई ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत माणूस बोलावला गेला. त्याने केस वाळवायच्या यंत्राने ऊब देत देत एकेक अक्षर अलगद सोलून काढलं. काम नेटकं झालं. फक्त आठ वर्षांच्या उन्हाने बोटीचा निळा रंग विटून फिका पडला होता आणि अक्षरांखालचा तेवढा जसाच्या तसा राहिला होता, गडद, तकतकीत. आधी नाव पांढरं होतं, आता ते निळ्यावर निळं झालं. पॉलिश मारून मारून निघेल, वर्ष-दोन वर्षं लागतील, असं तो माणूस म्हणाला.

ताई दोन पावलं मागे सरल्या, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाल्या, “आता तर लांबूनही वाचता येतंय.”